हिशेब पुरता मांडा

मॅक्सीन या नव्या द्विमितीय पदार्थाकडून हरित हायड्रोजनच्या मोठ्या अपेक्षा आहेत. त्या रास्तही आहेत. मात्र तो कोणत्या आम्लातून जन्मतो, पाण्यात किती दिवस टिकतो आणि त्याच्या जोडीला काय खर्ची पडते, हे विचारल्याशिवाय त्याला ‘स्वच्छ’ म्हणता येणार नाही.

हायड्रोजनचे सध्या सर्वत्र कौतुक आहे आणि ते अकारण नाही. या वायूच्या ज्वलनातून काजळी नाही, राख नाही. उरते ते पाणी. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले स्वतंत्र धोरण मंजूर केले. तरीही आज खत कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांत वापरला जाणारा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच येतो. त्याच्या प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वायू स्वच्छ, पण त्याची घडण अस्वच्छ. शेवटचे टोक तेवढे पाहिले तर हिशेब चुकतो, हा या वायूने दिलेला पहिला धडा. तोच धडा हायड्रोजनसाठी पुढे येणाऱ्या नव्या पदार्थांनाही लावायला हवा. त्यांत सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती मॅक्सीनची.

पाणी, ऊन आणि चिमूटभर भुकटी एवढ्यावर हायड्रोजन मिळावा, हे स्वप्न पन्नास वर्षांहून जुने. जपानचे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडला तर पाण्याचे विघटन होऊ शकते. भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा टायटॅनियम डायऑक्साइड. या प्रक्रियेला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. तेव्हापासून दोन अडचणींनी संशोधकांचा पिच्छा पुरवला आहे. एक म्हणजे हा पांढरा पदार्थ फक्त अतिनील किरण शोषतो आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. प्रकाश पडला की पदार्थातला इलेक्ट्रॉन उसळून वर जातो आणि त्याच्या मागे रिकामी जागा राहते, जिला ‘होल’ म्हणतात. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन घडवायचा आणि होलने ऑक्सिजन, अशी कामाची वाटणी. पण बहुतेक वेळा ही दोघे काम करण्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

खळ्यावर धान्य उफणताना वारा असेल तर दाणे खाली पडतात आणि भूस दूर उडते. वारा पडला की दोन्ही पुन्हा एकाच ढिगात. प्रकाश-उत्प्रेरणातही असा वारा लागतो. म्हणजे उसळलेला इलेक्ट्रॉन तत्काळ उचलून बाजूला नेणारा सह-उत्प्रेरक. आजवर हे काम सर्वांत चांगले करत आला तो प्लॅटिनम. तो दुर्मीळ आहे आणि महागही. त्याला स्वस्त पर्याय मिळाला तर प्रकाश-उत्प्रेरण प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर येऊ शकेल. मॅक्सीनकडे आशेने पाहिले जाते ते या कारणासाठी.

या पदार्थाचा शोध लागला तो मात्र वेगळ्याच कामात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठात मायकेल नगीब, युरी गोगोत्सी, मिशेल बारसूम आणि त्यांचे सहकारी लिथियम-आयन बॅटरीसाठी नव्या विद्युतअग्राच्या शोधात होते. बारसूम यांचा ‘मॅक्स’ नावाच्या पदार्थकुलाचा अभ्यास अनेक वर्षांचा. यातला ‘एम’ म्हणजे टायटॅनियम, व्हॅनेडियम, निओबियम, मॉलिब्डेनम यांसारखा संक्रमण धातू, ‘ए’ म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम आणि ‘एक्स’ म्हणजे कार्बन किंवा नायट्रोजन. या पदार्थांची रचना आपल्या चिरोट्यासारखी असते. चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये साटा लावतात आणि तळताना पदर सुटतात. इथे टायटॅनियम कार्बाइडचे पदर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा साटा. २०११ मध्ये ड्रेक्सेलच्या या चमूने टायटॅनियम ॲल्युमिनियम कार्बाइडची भुकटी हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकली. आम्लाने ॲल्युमिनियम तेवढे खाल्ले आणि मागे राहिले सुटे झालेले, साधारण एक नॅनोमीटर जाडीचे पदर. ‘मॅक्स’मधून ‘ए’ गेला, शेवटी ग्राफीनचा ‘ईन’ लागला आणि नाव पडले ‘मॅक्सीन’.

या पदरांचे वैशिष्ट्य असे की ते धातूसारखी वीज वाहून नेतात आणि तरीही पाण्यात सहज मिसळतात. आम्लातून बाहेर पडताना त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल आणि फ्लोरिन यांचे गट चिकटतात, त्यामुळे त्यांना पाण्याचे वावडे राहत नाही. ग्राफीनला हे साधत नाही. शिवाय टायटॅनियम दुर्मीळ नाही. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर, रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या काळ्या वाळूत सापडणारे इल्मेनाइट हे टायटॅनियमचेच खनिज. उत्तम वहन, पाण्याशी जवळीक आणि मुबलक मूळ धातू ही त्रयी सह-उत्प्रेरकाला हवी तशीच आहे.

अपेक्षा नुसत्या कागदावर राहिल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅडमियम सल्फाइडवर टायटॅनियम कार्बाइड मॅक्सीनचे सूक्ष्म कण बसवले. दृश्य प्रकाशात या मिश्रणाने नुसत्या कॅडमियम सल्फाइडच्या शंभराहून अधिक पट हायड्रोजन दिला. एका ग्रॅममागे तासाला सुमारे २९ मिलिग्रॅम एवढे ते प्रमाण होते आणि प्लॅटिनमचा एक कणही त्यात नव्हता. त्यानंतर जगभर या विषयावरील शोधनिबंधांची रीघ लागली. आज दरमहा नवे मिश्रण, नवा आकडा आणि नवा विक्रम वाचायला मिळतो. असा उत्साह विज्ञानाला लागतोच. पण सार्वजनिक पैसा ओतायचा आणि तरुण विद्यार्थ्यांचे हात त्यात घालायचे, तर तीन साधे प्रश्न विचारणे भाग आहे.

पहिला प्रश्न आम्लाचा. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. मानवी शरीराशी त्याचे वागणे त्याहून कपटी. सल्फ्युरिक आम्ल सांडले तर लगेच आग होते आणि माणूस सावध होतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असेल तर कातडीवर सांडल्यावर काही तास फारसे दुखतही नाही. तोवर त्यातले फ्लोराइड आत शिरून ऊतींतले आणि रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते. कॅल्शियम घटले की हृदयाची लय बिघडते. तीव्र आम्लाने शरीराचा दोन-तीन टक्के पृष्ठभाग भाजला तरी जीव जाऊ शकतो. अंगावर ते पडल्यास भरपूर पाण्याने लगेच धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळणे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हा त्यावरचा मार्ग. मॅक्सीनवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत ही जेलची नळी हाताशी असलीच पाहिजे. ती नसेल तर तिथे हे आम्ल असता कामा नये.

आम्ल किती लागते, तेही पाहू. मूळ पद्धतीत १० ग्रॅम भुकटीला ५० टक्के तीव्रतेचे १०० मिलिलिटर आम्ल वापरले गेले. याच हिशेबाने एक किलो भुकटीला दहा लिटर आम्ल लागेल. त्यानंतर भुकटीतली आम्लता जाईपर्यंत ती पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, म्हणजे फ्लोराइडयुक्त सांडपाणी त्याहून कितीतरी जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांचे आणि हाडांचे काय होते, हे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांनी भोगले आहे. तिथले फ्लोराइड खडकातून येते. स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली ते आपल्या हाताने नाल्यात सोडायचे काय? चुन्याची प्रक्रिया करून ते सांडपाण्यातून बाहेर काढता येते. पण त्याचा खर्च आणि मागे उरणारा गाळ दोन्ही हिशेबात धरायला हवेत.

संशोधकांना हे ठाऊक नाही असे नव्हे. २०१४ मध्ये ड्रेक्सेलच्याच गटाने लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याची सौम्य रीत शोधली. तिने बनलेला पदार्थ ओल्या मातीसारखा लाटता येतो. पण या मिश्रणातही हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतेच. ते बाटलीत नसते, भांड्यात असते. पुढे वितळलेल्या क्लोराइड क्षारांत ‘ए’ काढण्याची रीत आली. २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या गटाने तर ‘मॅक्स’ची पायरीच गाळून टायटॅनियम, त्याचे क्लोराइड आणि ग्रॅफाइट किंवा मिथेन यांपासून थेट मॅक्सीन घडवून दाखवले. या रीतींना उच्च तापमान लागते आणि टायटॅनियमचे क्लोराइड काही निरुपद्रवी नाही. तरीही फ्लोरिन टाळणारी वाट अस्तित्वात आहे, हे सिद्ध झाले. सार्वजनिक निधीने प्राधान्य द्यायचे ते या वाटेला.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. प्रकाश-उत्प्रेरक पाण्यात राहणार, उन्हात राहणार आणि त्याच्याभोवती ऑक्सिजन असणार. टायटॅनियम कार्बाइड मॅक्सीनला नेमके हेच मानवत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे पाण्यातले द्रावण उघड्या कुपीत ठेवले असता पाच दिवसांत ४२ टक्के, दहा दिवसांत ८५ टक्के आणि पंधरा दिवसांत ते पूर्ण नासले. काळपट द्रावण ढगाळ पांढरे झाले, कारण मॅक्सीनचे टायटॅनियम डायऑक्साइड बनले होते. म्हणजे १९७२ मध्ये जिथून सुरुवात झाली तिथेच आपण परत. यातही संशोधकांनी मार्ग काढला. काही जण मुद्दामच थोडे मॅक्सीन बदलू देतात आणि टायटॅनियम डायऑक्साइड व मॅक्सीन यांची जोडी कामाला लावतात. आर्गॉन वायूत, थंड जागी ठेवले तर आयुष्य वाढते. २०२१ मध्ये ड्रेक्सेलने मूळ ‘मॅक्स’ घडवतानाच ॲल्युमिनियम जास्त घेतले. त्यातून मिळालेले मॅक्सीन पाण्यात दहा महिन्यांहून अधिक काळ टिकले. ही प्रगती खरीच आहे. पण बाटलीत साठवणे वेगळे आणि उन्हाखाली रोज राबणे वेगळे. चार-पाच तासांच्या प्रयोगावरून ‘टिकाऊ’ हा शब्द वापरायला मुभा नसावी.

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. हायड्रोजन मिळाला, पण त्याच्या जोडीला खर्ची काय पडले? ॲडलेडच्या त्या प्रयोगात पाण्याबरोबर लॅक्टिक आम्ल होते. दह्याला आंबटपणा देते तेच. होलने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा, हे या कामातले अवघड अर्धे. लॅक्टिक आम्ल होलला सहज मिळणारा घास पुरवते आणि ते अवघड काम टळते. मूळ पदार्थाचे वर्तन तपासायला ही पद्धत योग्यच आहे आणि संशोधकांनी ती लपवलेलीही नाही. पण अशा प्रयोगांच्या बातम्या होतात तेव्हा ‘पाण्यापासून हायड्रोजन’ एवढेच उरते आणि खर्ची पडणारे आम्ल अदृश्य होते. हायड्रोजनच्या प्रत्येक किलोसाठी दुसरे कोणते तरी रसायन जाळायचे असेल, तर ते रसायन कोण बनवणार, कशापासून आणि किती खर्चात? शिवाय त्या मिश्रणातला कॅडमियम विषारी आहे. तो पाण्यात विरघळू लागला तर त्याचा बंदोबस्त काय, हेही विचारावे लागेल.

पुरता हिशेब कसा मांडतात, याचे उदाहरण जपानने दिले आहे. काझुनारी दोमेन आणि सहकाऱ्यांनी १०० चौरस मीटर क्षेत्रफळाची प्रकाश-उत्प्रेरक पत्र्यांची मांडणी उघड्यावर उभारली, ती अनेक महिने चालवली, शुद्ध पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही मिळवले, दोन्ही वायू सुरक्षितपणे वेगळे केले आणि २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आकडा जाहीर केला: सूर्याच्या ऊर्जेपैकी कमाल ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. आकडा लहान आहे, पण प्रामाणिक आहे. त्यात मदतीला दुसरे रसायन नाही, प्रयोगशाळेतला दिवा नाही. हा पदार्थ मॅक्सीन नव्हता. पण मॅक्सीनला ज्या परीक्षेला बसायचे आहे, तिची प्रश्नपत्रिका हीच.

या परीक्षेत प्रतिस्पर्धीही तगडा आहे. छतावरचे साधे सौर पॅनेल सुमारे वीस टक्के ऊर्जा विजेत बदलते आणि त्या विजेवर चालणारे विद्युत-अपघटन यंत्र तिच्यातली साधारण दोन तृतीयांश हायड्रोजनमध्ये उतरवते. गोळाबेरीज तेरा टक्क्यांच्या आसपास, तीही बाजारात मिळणाऱ्या सामग्रीतून. प्रकाश-उत्प्रेरणाची बाजू एवढीच की भुकटी आणि पत्रे खूप स्वस्त पडू शकतात. मग टिकाऊपणा आणि निर्मितीचा खर्च हेच या शर्यतीचे मुख्य निकष ठरतात. नेमके तेच आकडे निबंधांच्या सारांशात क्वचित दिसतात. कदाचित मॅक्सीनचा खरा उपयोग आधी वेगळीकडेच होईल: बॅटरीत, अतिधारित्रात, विद्युतचुंबकीय लहरी अडवणाऱ्या पातळ थरात, किंवा त्या विद्युत-अपघटन यंत्राच्या विद्युतअग्रावर. तसे झाले तर त्यात पराभव काहीच नाही. शोध लागला तोही बॅटरीच्याच नादात.

हीच शिस्त सांडपाण्याच्या दाव्यांनाही लागू आहे. मॅक्सीन आणि प्रकाश यांच्या साहाय्याने रंगीत पाणी स्वच्छ करण्याचे असंख्य प्रयोग प्रसिद्ध होतात. बहुतेकांत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे पाणी रंगहीन करून दाखवतात. इचलकरंजीच्या कापड उद्योगातले सांडपाणी आणि पंचगंगेची दशा ज्यांना माहीत आहे, त्यांना अशा बातमीने आशा वाटणे स्वाभाविक आहे. पण रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. रंगाचा रेणू तुटून त्याचे रंगहीन तुकडे उरले तर डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसेल आणि पोटाला नाही. म्हणून पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजायला हवे. सोडलेली भुकटी पाण्यातून पूर्ण परत गाळता आली का, हेही सांगायला हवे.

यातून सरकारसाठी आणि विद्यापीठांसाठी दोन-तीन सरळ गोष्टी निघतात. मॅक्सीनसारख्या पदार्थांवरच्या प्रत्येक अनुदानित प्रकल्पाने अहवालाच्या पहिल्या पानावर तीन आकडे द्यावेत: पदार्थ घडवायला किती आणि कोणते आम्ल लागले, त्याचे सांडपाणी कुठे गेले, पदार्थ सलग किती तास उन्हात चालला, आणि कोणतेही मदतनीस रसायन न घालता सूर्याच्या ऊर्जेपैकी किती टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. तिसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहावा. त्यात कमीपणा नाही. निबंधांची संख्या मोजणाऱ्या समित्यांनी या तीन आकड्यांना गुण द्यावेत. तसे झाले तर विद्यार्थीही चार तासांचा विक्रम सोडून चारशे तासांच्या कंटाळवाण्या, पण उपयोगी चाचणीकडे वळतील.

आणखी एक काम तर निधीची वाटही न पाहता करता येईल. जिथे जिथे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले जाते, तिथल्या विभागप्रमुखांनी या आठवड्यात स्वतः प्रयोगशाळेत जाऊन पाहावे: फ्यूम हूड चालू आहे का, योग्य हातमोजे आहेत का, रात्री एकटा विद्यार्थी हे आम्ल हाताळतो का, जवळच्या रुग्णालयाला या आम्लाची आधी कल्पना दिली आहे का आणि कॅल्शियम ग्लुकोनेटच्या नळीवरची मुदत संपलेली तर नाही ना. देशाला २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन हवा आहे. त्यासाठी झटणाऱ्या विद्यार्थ्यांचे हात शाबूत राहावेत, एवढी व्यवस्था आजच करता येण्याजोगी आहे.